शस्त्रांचे आकडे आणि आमचे पुलगाव

स्टॉकहोमच्या 'सिप्री' या संस्थेचे आकडे छापून आले की आमच्या वर्ध्यातही वाद रंगतो. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत जगातील शस्त्र-आयातीत भारत ९.८ टक्के वाट्यासह पहिला होता. २०२०-२४ च्या यादीत युक्रेन पहिला आला, आपण ८.३ टक्क्यांवर दुसरे. एक म्हणतो, परावलंबन सुटत चालले. दुसरा म्हणतो, कसले सुटते! युक्रेन वर गेला तो युद्धामुळे, हे दोघेही विसरतात.

बँकेत उमेदवारी करताना साहेबांनी पहिला धडा दिला होता: मंजूर कर्ज वेगळे, वाटलेले कर्ज वेगळे. 'सिप्री' वाटलेले मोजते, म्हणजे प्रत्यक्ष पोहोचलेली शस्त्रे. आपण वाचतो त्या बातम्या बहुधा करारांच्या, म्हणजे मंजुरीच्या. शिवाय तिचे मोजमाप पैशांत नसतेच. शस्त्राच्या लष्करी कुवतीला ती गुण देते. फुकट दिलेला रणगाडाही त्यात येतो आणि वापरलेल्याला नव्याच्या चाळीस टक्केच गुण मिळतात. आपल्या नाशिकजवळ ओझरला परवान्यावर बांधलेले सुखोई तर रशियाकडून झालेली आयात म्हणून नोंदले जाते! उलट सरकारचा २०२३-२४ चा संरक्षण-निर्यातीचा आकडा, २१,०८३ कोटी, रुपयांत आहे आणि त्यात सुटे भागही आहेत. 'सिप्री' बहुतेक सुटे भाग धरत नाही. दोन्ही आकडे खरे, पण एकाच्या काट्याने दुसऱ्याला तोलून भांडणारे मात्र फसतात.

मला खटकते ते निराळेच. साधे तोफगोळे, काडतुसे, भूसुरुंग 'सिप्री'च्या हिशेबात येत नाहीत. आणि आमच्या जिल्ह्याचा शस्त्रांशी संबंध आहे तो नेमका याच मालाशी. सेवाग्रामच्याच जिल्ह्यात पुलगावचे दारूगोळा भांडार आहे, हा योगायोग आम्ही फारसा बोलून दाखवत नाही. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथे आग लागली. दोन लष्करी अधिकारी आणि आग विझवायला धावलेले अनेक जण गेले, आसपासच्या गावांतली माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी रात्रीच बाहेर पडली. नोव्हेंबर २०१८ मध्ये जुना दारूगोळा निकामी करण्यासाठी उतरवताना स्फोट झाला. सहा माणसे गेली, त्यांत रोजंदारीवर आलेले गावकरी होते.

परवा चहाच्या टेबलावर पुन्हा तोच वाद निघाला. पहिला की दुसरा? मी पुलगावचे नाव काढले, तेव्हा एका तरुणाने प्रामाणिकपणे विचारले, "काका, तो माल आयातीचा होता की देशी?"