रेंज नाही, भाषाही नाही

खानापूर तालुक्यातील कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात मोबाईलला रेंज मिळाली तर नशीब. आयटीआयचा अर्ज भरायला मुलगा एसटीने बेळगाव गाठतो, तर पडद्यावर कन्नड किंवा इंग्रजी. उद्यमबागेत सीएनसी मशीन चालवणारे हात लागतात, हे त्याला कळेपर्यंत मुदत टळलेली असते. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे संरक्षण कागदावर जुनेच आहे. ते संकेतस्थळांवरही पाळले जावे, ही आमची मागणी आहे. कन्नड शिकण्यात आम्हाला कमीपणा नाही. प्रश्न हक्काचा आहे. तोवर रेंज असलेल्या गावांतील मंडळांनी गणपतीच्या वर्गणीतून एक संगणक आणि प्रिंटर घ्यावा. डॉल्बीपेक्षा स्वस्तच पडेल. शिकलेल्या मुलांनी रविवारी बसून शेजारच्या वाड्यांतील मुलांचे अर्ज भरून द्यावेत.