लूमवाल्यांच्या पोरांनो, कारखाना शिका

इंजिनिअरिंगला मला प्रॉडक्शन ब्रँच मिळत होती. घरचे म्हणाले, "कारखान्यातच राबायचं, तर शिकायचं कशाला?" मी कॉम्प्युटर घेतलं.

आज मी गोदामांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. माल किती मागवायचा, कधी मागवायचा, किती साठवायचा. हेच गणित मालेगावात अब्बांच्या लूमला कुणी लावलं नाही. सूत चढ्या भावात, तेही उधारीवर. तयार तागे पडून. शेवटी लूम भंगाराच्या भावात गेले.

१९२४ मध्ये जपानच्या साकिची टोयोडांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग तयार केला. दोष दिसला की काम थांबवा, हे तत्त्व पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यात गेलं. आज ते जगभर शिकवलं जातं. ज्या विद्येचं एक मूळ मागात आहे, तिला आपण 'उरलेल्यांची ब्रँच' म्हणतो!

"नोकरी कुठंय?" भिवंडीची गोदामं बघा. तिथं आपली पोरं खोकी उचलतात. खोकं कधी, कुठं जाणार हे मात्र दुसराच कुणी ठरवतो.

सगळा दोष नशिबाला आणि सरकारला देऊन भागणार नाही. यंदा फॉर्म भरताना प्रॉडक्शन, इंडस्ट्रियल, सप्लाय चेन हे पर्याय यादीच्या तळाशी टाकू नका.