लाख कोटी म्हणजे किती क्विंटल?



ज्या चाकणला १९८० साली कांद्याच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले, तिथे आज मोटारींचे कारखाने उभे आहेत. तेव्हाचे भांडण क्विंटलमागच्या रुपयांचे होते. आता पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत बोली चालते ती कोटींची, आणि दिल्लीची तर लाख कोटींची. २०२५-२६ चा केंद्राचा अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटींचा! आकडा ऐकला की आपण मान डोलावतो. आमचे म्हणणे एवढेच की मान डोलावणे थांबवा आणि हिशेब सुरू करा.

मोठ्या संख्यांचे शब्द आपल्याला नवे नाहीत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म अशी दहादहा पटींची नावे थेट परार्धापर्यंत आहेत. आजचे 'लाख कोटी' म्हणजे त्यातले महापद्म. पण नाव पाठ असणे वेगळे आणि माप कळणे वेगळे.

मापासाठी ज्वारीचे दाणे घ्या. सेकंदाला एक दाणा, रात्रंदिवस न थांबता मोजा. लाख दाणे अठ्ठावीस तासांत संपतील. कोटीला ११६ दिवस लागतील, म्हणजे ज्वारीचा पेरणी ते काढणी एक हंगाम. अब्जाला जवळजवळ ३२ वर्षे, म्हणजे शेतकऱ्याची सारी उमेद. आणि लाख कोटीला ३१ हजार वर्षांहून जास्त!

आता रुपये मोजू. २००९ साली चाकणला सुरू झालेल्या फोक्सवॅगन कारखान्याची गुंतवणूक ३,८०० कोटी सांगितली गेली. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये. त्या भावाने हे झाले सुमारे ४७ लाख क्विंटल. कोरडवाहूत एकरी ५ क्विंटल धरले तर नऊ लाख एकरांवरचे वर्षाचे सगळे पीक, तेही खर्च वजा न करता. कारखान्याशी आमचे वैर नाही. कोटी म्हणजे किती, हे आपल्या मापाने कळावे म्हणून हा हिशेब. लाख कोटी तर सव्वाबारा कोटी क्विंटलच्याही वर जातात.

खरी मेख पुढे आहे. द्यायचे असते ते कोटीत सांगतात. २०१९ च्या अर्थसंकल्पात पीएम-किसानसाठी ७५ हजार कोटी जाहीर झाले. केवढा आकडा! पण तो सुमारे १२ कोटी कुटुंबांसाठी होता. कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, म्हणजे दिवसाला साडेसोळा रुपयेसुद्धा नाहीत.

घ्यायचे असते ते मात्र क्विंटलमागे घेतात. बाजारात हमीभावापेक्षा हजार रुपये कमी मिळाले, तर 'थोडा भाव पडला' एवढेच म्हणतात. एक कोटी क्विंटलवर असे हजार कापले गेले की झाले १,००० कोटी. हा आकडा कोणत्याही भाषणात येत नाही. वीस क्विंटल पिकवणाऱ्याच्या घरातून वीस हजार गेले आणि सहा हजार आले. आभार कशाचे मानायचे?

तेव्हा यापुढे बैठकीला येताना दोन गोष्टी करून या. सरकारने दिलेल्या प्रत्येक आकड्याला भागा: किती कुटुंबांत, किती वर्षांत, आणि नुसता जाहीर झाला की खरोखर हातात पडला? आणि आपल्याकडून गेलेल्या प्रत्येक रुपयाला गुणा: गावाचे क्विंटल किती, तालुक्याचे किती, जिल्ह्याचे किती? पुढाऱ्यासमोर जिल्ह्याची बेरीज ठेवा. कोटीची भाषा आपल्यालाही येते, हे त्यांना कळू द्या.