कागद शुद्ध, धूर तसाच

‘तुमच्या गाडीचे ब्रेक नीट लागतात ना?’ हा प्रश्न आपले शासन खासगी मोटारीच्या मालकाला किती वर्षांनी विचारते? पंधरा वर्षांनी. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते. त्या मुदतीत ब्रेक, स्टीअरिंग, टायर, दिवे यांच्या तपासणीची कोणतीही सक्ती मालकावर नाही. त्याच बनावटीची गाडी पिवळी पाटी लावून टॅक्सी म्हणून धावू लागली की मात्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. दिवसाची कमाई बुडवून परिवहन कार्यालयाच्या आवारात रांगेत उभा राहतो तो टॅक्सीवाला. त्याच्या शेजारून भरधाव जाणारे आपण पांढरपेशे मात्र या रांगेतून मुक्त आहोत. झिजलेला टायर फुटताना पाटीचा रंग पाहत नाही.

खासगी मालकाच्या वाट्याला येते ती केवळ पीयूसी. गाडी एक वर्षाची झाली की दर सहा महिन्यांनी आणि भारत स्टेज चार वा त्यापुढील गाडी असेल तर वर्षातून एकदा हे प्रमाणपत्र घ्यायचे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठीच्या दंडाची मर्यादा दहा हजार रुपयांपर्यंत नेली. कायद्याचा धाक वाढला. पण प्रमाणपत्राचा भाव वधारला का? पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात उभी असलेली ती व्हॅन, सायलेन्सरमध्ये क्षणभर खुपसलेली नळी, नंबरप्लेटचे छायाचित्र आणि हातात पडणारा कागद, हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. कित्येकदा नळीचाही उपचार टळतो. त्याबद्दल तक्रार करणारा ग्राहक विरळा, कारण व्यवहार उभयपक्षी सोयीचा असतो. आपल्याला वेळ वाचवायचा असतो आणि त्याला गिऱ्हाईक.

१ एप्रिल २०२५ रोजी दिल्ली विधानसभेत मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने या सोयीचे मोजमाप देशापुढे ठेवले. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांचे प्रमाण मर्यादेबाहेर असतानाही एक लाखाहून अधिक वाहनांना प्रमाणपत्रे मिळाली होती. शहात्तर हजारांहून अधिक प्रकरणांत तपासणी आणि प्रमाणपत्र हे दोन्ही सोपस्कार एका मिनिटात उरकले होते. एकाच केंद्रावर, एकाच क्षणी दोन गाड्या तपासल्याच्याही नोंदी सापडल्या. हा कारभार तेव्हाच्या दिल्ली सरकारचा होता, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे आणि त्या सरकारचा दोष आहेच. परंतु एका मिनिटाचे ते प्रमाणपत्र खिशात घालून घरी गेलेले लाखभर मालक कोणत्या एका पक्षाचे नव्हते.

बरे, चाचणी प्रामाणिकपणे केली तरी ती काय मोजते? पेट्रोल गाडीतील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन आणि डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि फुफ्फुसात खोलवर उतरणारे सूक्ष्म कण या चाचणीत मोजलेच जात नाहीत. शहरातील बालकांच्या दम्याची चिंता करणाऱ्या पालकांना हे ठाऊक असते का, कोण जाणे! शिवाय गाडी उभी असते, रस्त्यावर धावत नसते. उभ्या गाडीचे वर्तन आणि धावत्या गाडीचे वर्तन यांत किती अंतर असू शकते, हे फोक्सवागन कंपनीने २०१५ मध्ये जगाला दाखवले. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवणारी संगणकप्रणाली तिने जगभरातील सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत बसवली होती. शिस्तीचा आदर्श म्हणून ज्या जर्मनीकडे बोट दाखवले जाते, तेथील कंपनीने हे केले. आपल्या राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये तिला पाचशे कोटींचा दंड ठोठावला.

तपासणीवर खुद्द शासनाचाच विश्वास नसला की काय होते, ते राजधानीत दिसले. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना तेथे बंदी घालण्यात आली. हरित लवादाच्या या आदेशावर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना इंधनच न देण्याचा प्रयोग झाला आणि लोकक्षोभामुळे काही दिवसांतच तो आवरता घ्यावा लागला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे कारवाई नको असे सांगितले. डिसेंबरमध्ये ते संरक्षण भारत स्टेज चार व त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित केले. या साऱ्या धरसोडीचे मूळ एकच आहे. गाडीची प्रकृती पाहणारी विश्वासार्ह यंत्रणा नाही, म्हणून तिची जन्मपत्रिका पाहायची! वेळच्या वेळी तेल बदलून, जपून वापरलेली निवृत्त शिक्षकाची गाडी भंगारात जाणार आणि चार वर्षांची, धूर ओकणारी गाडी पीयूसी दाखवून सुटणार, याला न्याय कसे म्हणावे? वयोमर्यादा म्हणजे तपासणीच्या अपयशाची शासनाने दिलेली कबुलीच होय.

२०२१ च्या वाहन भंगार धोरणाने योग्य दिशा धरली होती. वय नव्हे, तर स्वयंचलित केंद्रावरील योग्यता हा निकष असावा, हे त्यातील सूत्र. पुढे पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्या १ एप्रिल २०२३ पासून रस्त्यावरून हटवण्याचा नियम झाला, हेही स्वागतार्ह. आधी स्वतःच्या अंगणात झाडू मारावा. पण सामान्य मालकाच्या बाबतीत गती दिसली ती शुल्कात. पंधरा वर्षांनंतरच्या मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेले आणि वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते २०२५ मध्ये दहा हजार झाले. केंद्रातील शासन आपल्या विचारांचे आहे म्हणून हे बोलू नये, असे आम्हांस वाटत नाही. पैसे घ्यावेत, पण त्या बदल्यात गाडी खरोखर तपासावी.

तपासणी वाढली की इन्स्पेक्टर-राज वाढेल, हा आक्षेप रास्त आहे. व्यावसायिक वाहनांच्या ब्रेक चाचणीसाठी अडीचशे मीटरचा मार्गदेखील परिवहन कार्यालयांपाशी नाही, म्हणून गेल्या दशकात महाराष्ट्रात उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, हे विसरता येत नाही. म्हणूनच तपासणी माणसाच्या शेऱ्यावर न ठेवता यंत्राच्या आकड्यावर ठेवावी लागेल. तपासणारा आणि दुरुस्त करणारा वेगळा हवा, म्हणजे नसलेला बिघाड शोधण्याचा मोह राहणार नाही. जपानमध्ये नवी मोटार तिसऱ्या वर्षी आणि पुढे दर दोन वर्षांनी संपूर्ण तपासली जाते. तो आराखडा आपल्याकडे अशक्य नाही. प्रारंभ सात-आठ वर्षांवरील मोटारींपासून करावा आणि दुचाकीवर पोट असलेल्या कुटुंबांसाठी शुल्क नाममात्र ठेवावे.

परंतु यंत्रेही माणसेच चालवणार, आणि तेथे प्रश्न पुन्हा आपल्या दाराशी येतो. विम्याच्या नूतनीकरणाला पीयूसीची अट जोडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला होता. त्यामुळे गाड्या विम्याविनाच धावतील आणि अपघातग्रस्तांना भरपाई मिळणार नाही, या भीतीने २०२४ मध्ये ती अट मागे घ्यावी लागली. दोन कर्तव्ये एकत्र बांधली तर लोक दोन्ही टाळतील, असे गृहीत धरून न्यायालयाला चालावे लागते! पर्यावरणाचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून राज्यघटनेत आले ते १९७६ मध्ये, आणीबाणीतील बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने. जनता सरकारने त्या दुरुस्तीचा बराच भाग उखडून टाकला. कर्तव्यांचे प्रकरण मात्र तसेच ठेवले.

संघाने शताब्दीनिमित्त समाजापुढे ठेवलेल्या पंच परिवर्तनात पर्यावरण आणि नागरी कर्तव्य हे दोन विषय स्वतंत्रपणे मांडले आहेत. पीयूसीच्या व्हॅनपाशी ते एकत्र येतात. शाखेतील वा सोसायटीतील दहा-वीस कुटुंबांनी खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी आपापल्या गाड्या चांगल्या गॅरेजमध्ये नेऊन ब्रेक, टायर, दिवे तपासून घ्यावेत. पीयूसी केंद्रावर नळी आत जाईपर्यंत आणि पडद्यावर आकडे उमटेपर्यंत तेथून हलू नये. ते आकडे वहीत लिहून पुढील वर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. झेंडूचा हार त्यानंतर घालावा.