हेडसेट विकत घेतला, पण ताबा कुणाचा?

आभासी वास्तवाचा (व्हीआर) हेडसेट म्हणजे डोळ्यांवर चढवायचा पडदा, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ते मोजमापाचे यंत्रही आहे. मान किती वळली, हात कुठे गेले, हे सेकंदाला अनेक वेळा टिपल्याशिवाय त्यातले दृश्य खरे वाटूच शकत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलन्सन यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार २० मिनिटांच्या वापरात देहबोलीच्या जवळपास २० लाख नोंदी तयार होतात. असे यंत्र सुरू करण्यासाठी समाजमाध्यमावरील खाते सक्तीचे केले, तर तो केवळ ग्राहकाच्या गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. तो आरोग्याचाही प्रश्न होतो.

ही सक्ती प्रत्यक्षात येऊन गेली आहे. फेसबुकने २०१४ मध्ये ऑक्युलस ही कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलरना घेतली. दर वेळी फेसबुकवर लॉग-इन करावे लागणार नाही, असा दिलासा संस्थापक पामर लकी यांनी तेव्हा दिला होता. ऑगस्ट २०२० मध्ये मात्र कंपनीने जाहीर केले, की ऑक्टोबरपासून नव्या ग्राहकांना फेसबुक खात्यानेच प्रवेश मिळेल. जुन्या ग्राहकांना १ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत होती. त्याच ऑक्टोबरमध्ये २९९ डॉलरचा क्वेस्ट २ बाजारात आला आणि काही ग्राहकांची फेसबुक खाती बंद झाल्याने नवा कोरा हेडसेट निरुपयोगी ठरला. खाते कायमचे काढून टाकले, तर पैसे देऊन घेतलेले खेळ आणि अ‍ॅपही जाणार होते.

जर्मनीत यावर आक्षेप घेतला गेला. तेथील स्पर्धा नियामकाने डिसेंबर २०२० मध्ये चौकशी सुरू केली. त्याआधीच कंपनीने तेथील विक्री थांबवली होती. अखेर ऑक्टोबर २०२१ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी माघारीची घोषणा केली आणि ऑगस्ट २०२२ पासून स्वतंत्र ‘मेटा खाते’ आले. म्हणजे फेसबुकची अट गेली, खात्याची राहिली. नियामकाने आणि ग्राहकांनी रेटा लावला म्हणून एवढे तरी झाले.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. आभासी दालनांत अनोळखी माणसे भेटतात, तिथे छळाच्या तक्रारी होतात, लहान मुले शिरतात. तेव्हा वापरणारा कोण हे माहीत असावे, हे म्हणणे रास्त आहे. पण ते सार्वजनिक दालनापुरते. घरात एकट्याने व्यायाम करणाऱ्याला किंवा चित्रपट पाहणाऱ्याला मित्रपरिवार, छायाचित्रे आणि आवडीनिवडींनी भरलेले खाते जोडायला लावण्याचे कारण त्यातून निघत नाही.

नाव जोडले नाही, तरी धोका संपत नाही. स्टॅनफर्डच्याच २०२० च्या अभ्यासात ५११ जणांपैकी कोण हेडसेट वापरत आहे, हे पाच मिनिटांपेक्षा कमी हालचालींवरून संगणकाने ९५ टक्के अचूक ओळखले. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठातील संशोधकांनी ‘बीट सेबर’ या खेळाच्या ५० हजारांहून अधिक खेळाडूंवर हाच प्रयोग केला. १०० सेकंदांच्या हालचालींवरून सुमारे ९४ टक्के ओळख पटली. हालचाल हा बोटाच्या ठशासारखाच पुरावा आहे. शिवाय ठसा आजार सांगत नाही. हाताचा कंप, मंदावलेली हालचाल, जाणारा तोल हे मात्र डॉक्टर निदानासाठी पाहतात ती लक्षणे आहेत. अशी माहिती नावानिशी जाहिरातींवर चालणाऱ्या कंपनीकडे जमा होणे सुरक्षित म्हणता येणार नाही.

हे तंत्र आता उपचारातही आले आहे. भाजलेल्या रुग्णांचे ड्रेसिंग बदलताना वेदनेवरून लक्ष हटवण्यासाठी सिएटलमध्ये ते बऱ्याच वर्षांपूर्वी वापरले गेले. जुनाट कंबरदुखीसाठीच्या व्हीआर उपचाराला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये मान्यता दिली. उद्या असा उपचार समाजमाध्यमाच्या खात्यावर अवलंबून राहिला, तर खाते गोठताच रुग्णाचा उपचारही थांबेल.

वैद्यकात संमतीचा एक साधा नियम आहे. शस्त्रक्रियेची संमती वेगळी आणि रुग्णाचे छायाचित्र छापण्याची संमती वेगळी. दुसरीवर सही नसेल तर पहिले काम अडवता येत नाही. सक्तीचे खाते नेमकी हीच सीमा पुसते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही संमती मुक्त, विनाअट आणि गरजेपुरत्याच माहितीची असावी, असे म्हटले आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते. ही तत्त्वे हेडसेटलाही लागू व्हायला हवीत.

मागणी फार मोठी नाही. एकट्याने वापरायच्या गोष्टी खात्याविना चालाव्यात, हालचालींच्या नोंदी शक्यतो यंत्रातच राहाव्यात आणि खाते बंद झाले तरी विकत घेतलेले हातात राहावे. मुलांसाठी हेडसेट घेणाऱ्या पालकांनी किंमत विचारण्याआधी दुकानदाराला एवढे तीन प्रश्न जरूर विचारावेत.