एसटीचा केक आणि उपदेश करणारे

मे महिना आला की आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक क्लिप फिरू लागते. वाढदिवसाचा केक कापणं म्हणजे गैरांची नक्कल, असं त्यात एक मौलाना सांगतात. ती कुणासाठी टाकलेली असते ते नाव न घेताही सगळ्यांना कळतं. माझ्या मोठ्याचा वाढदिवस मे महिन्यात असतो आणि त्याचा केक मी घरी करते. साधा गोल केक केला असता तर एक वेळ चाललं असतं. मी तीन तीन दिवस खपून आगगाडी करते. एका वर्षी घुबड केलं, तेव्हा ‘जानदाराची तसवीर’ म्हणून वेगळा मेसेज आला. गेल्या वर्षी एसटी केली. एसटीला जान नसते, म्हणून त्या वर्षी फिजूलखर्चीवरची क्लिप आली.

दिनी कारणाने जे वाढदिवस साजरा करत नाहीत त्यांच्याशी माझं भांडण नाही. उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत, काही जण बिदअत म्हणतात, काही जण नुसती रीत समजून सोडून देतात. ज्याला पटत नाही त्याने करू नये. माझा सवाल क्लिप पाठवणाऱ्यांना आहे. ज्या मामूंनी ती पाठवली, त्यांच्या मुलाच्या लग्नात लॉन होतं, डीजे होता, मुलीकडून आलेली मोटरसायकल हार घालून दारात उभी होती. तेव्हा कुणाच्या फोनमध्ये एकही मौलाना का बोलला नाही? लाखांचा खर्च मर्दांच्या इज्जतीचा असतो, म्हणून तो शान. सातशे रुपयांचं सामान बाईच्या हौसेचं असतं, म्हणून ती फिजूलखर्ची.

आणि नक्कल म्हणाल तर महाराष्ट्रातल्या कितीतरी बेकऱ्या मुसलमानांच्या आहेत. गावोगावच्या भट्ट्यांवर सगळ्या जातीधर्माच्या पोरांचे केक आपलीच माणसं भाजतात, त्यावर नावं लिहितात, खोके बांधून देतात. दुसऱ्याच्या लेकराचा केक आपल्या भट्टीत भाजला तर तो हलाल रोजगार आणि आपल्या लेकराचा घरी भाजला तर नक्कल, हा हिशेब मला समजत नाही. सालगिरह हा शब्द तरी कुठून आला? साल म्हणजे वर्ष, गिरह म्हणजे गाठ. दर वर्षाची एक गाठ दोऱ्याला मारायची, ही जुनी रीत. अकबराची वर्षातून दोनदा तुला व्हायची, एकदा सौर तारखेला, एकदा चांद्र तारखेला, आणि ते सोनं-नाणं, धान्य वाटलं जायचं. बादशहांचं वागणं हे काही शरीयतचं प्रमाण नव्हे, तो दावा मी करत नाही. पण वाढदिवस म्हणजे काल इंग्रजी शाळेतून घरात शिरलेली बला आहे, असं तरी सांगू नका.

वडीलधारे म्हणतात, आमच्या वेळी हे नव्हतं. खरं आहे, नव्हतं, कारण तारीखच नव्हती. माझ्या अब्बांचा जन्म शाळेच्या दाखल्यावर १ जूनचा आहे. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा १ जूनचा. मास्तरांनी शाळा सुरू होण्याच्या सोयीने तारीख घातली आणि अख्खी पिढी एकाच दिवशी जन्माला आली. (एसटीची पहिली गाडीसुद्धा १ जूनचीच, १९४८ची, पुणे ते अहमदनगर. अब्बा म्हणतात, तिची तारीख तरी खरी आहे.) खरी तारीख विचारली तर दादी सांगायची, मोठा पूर आला होता त्या साली, ज्वारी काढायच्या दिवसांत. अब्बांना याचं हसू यायचं, अलीकडे येत नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळेपासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखला हाच पुरावा असा कायदा झालाय, आणि कागद या शब्दाने आपल्या मोहल्ल्यात काय वाटतं ते मी सांगायला नको. माझ्या मुलांची तारीख महापालिकेच्या नोंदवहीत आहे. ती वर्षातून एकदा क्रीमने लिहिली तर कुणाचं काय बिघडतं?

आता दुसऱ्या बाजूचे उपदेशक. हे शिकलेले, पुरोगामी, त्यांत माझ्या मैत्रिणीही आहेत. त्यांचं म्हणणं, अगं बाई, किती राबशील, मागव की बाहेरून. शिवाय जरा नाक मुरडून, हे सगळं फोटोसाठीच ना? संक्रांतीला हलव्याचे दागिने करणारी बाई यांना कलावंत वाटते. शेगडीवर तासन् तास बसून एकेका दाण्याला काटा आणायचा, त्याचे हार-मुकुट गुंफायचे आणि बोरन्हाणाला तान्ह्या पोराला घालायचे, हे संस्कृतीत बसतं. साखरेचं तेच काम मी एसटीच्या खिडक्यांसाठी केलं की ते इन्स्टाग्रामचं वेड. आमच्याकडे ईदच्या आधी घरचं तूप, मैदा, साखर डब्यात भरून भट्टीवर नेत आणि नानकटाईचे पत्रे भाजून आणत. अम्मीची नानकटाई ओळखू यायची, कारण तिच्यावर ती बोटाने चांदतारा उठवायची. कुणीही तिला विचारलं नाही की हे कुणाला दाखवायला.

काम काय असतं तेही सांगते, कारण बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते केलेलं असतं. ओव्हन घेण्याआधी पाच वर्षं मी केक कुकरमध्ये केले. रिंग आणि शिट्टी काढायची, तळाला मिठाचा थर, त्यावर जाळी, त्यावर डबा आणि मंद आचेवर पाऊण तास. एसटीसाठी लादीपावासारखे दोन लांबट स्पंज आदल्या दिवशी करून गार केले, कारण ताजा स्पंज कापला की त्याचा भुगा होतो. एकावर एक ठेवून सुरीने तासले, चुरा दाबून बसावा म्हणून क्रीमचा पातळ थर दिला, फ्रिजमध्ये घट्ट केला, मग वरचा थर. खरी परीक्षा लाल रंगाची. क्रीममध्ये लाल घालत गेलं की ते गुलाबीच होतं, आणखी घातलं की जीभ कडवट होते. म्हणून रंग आदल्या रात्री कालवून ठेवायचा, मुरला की तो आपोआप गडद होतो. चाकं म्हणजे चॉकलेटची क्रीम बिस्किटं. पाटी ‘मिरज–पंढरपूर’ हवी होती, कारण त्याला तीच गाडी खिडकीतून दिसते. स्पायडरमॅन, एल्सा, छोटा भीम सगळे दुकानात तयार मिळतात. मिरज–पंढरपूर मिळत नाही.

फॉन्डंट मी वापरत नाही. ती साखरेची मळलेली पोळी दिसते गुळगुळीत, पण खात कुणीच नाही, बशीच्या कडेला सोलून ठेवतात. घरच्या घरी ती मार्शमेलो वितळवून करतात, त्यात जिलेटिन असतं, आणि जिलेटिन कुठल्या जनावराचं हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. म्हणून मी दुकानात हिरवा ठिपका शोधते. हा ठिपका शाकाहारी लोकांसाठी निघाला, आमच्या दस्तरखानाची राखणही तोच करतो. जेली करायची तर चायना ग्रासची, ती समुद्री शेवाळाची असते.

या ठिपक्यापाशी माझा मुख्य मुद्दा आहे. आमची सोसायटी मिश्र आहे. मुलं एकत्र खेळतात, एकमेकांच्या घरात बूट काढून पळत सुटतात. पण एक-दोन मुलांना घरून सांगितलेलं असतं, खेळायला जा, तिथलं काही खाऊ नकोस. ते मूल वाढदिवसाला येतं आणि टेबलाच्या कडेला हात मागे बांधून उभं राहतं. सात वर्षांच्या अशाच एका पोराने मला विचारलं होतं, “काकू, केक दुकानातला आहे का? दुकानातला असेल तर मी खाऊ शकतो.” त्याच्या आवाजात वाईट काहीच नव्हतं, त्याला केक हवा होता. बेकरीतला चालतो, त्या भट्टीवरचे हातही मुसलमानाचेच असले तरी चालतो. माझ्या ओट्यावरचा चालत नाही.

मला म्हणतात, मागव की बाहेरून. नेमकं इथेच मी मागवत नाही. मी अंडं सोडलं, जिलेटिन आधीच सोडलेलं होतं. काय काय घातलंय ते कागदावर लिहून टेबलापाशी चिकटवलं. पुढच्या वर्षी त्या मुलाची आई आदल्या संध्याकाळी आली, कागद वाचला, मग पदर खोचून बिस्किटांची चाकं चिकटवायला बसली. पुढचं डावं चाक तिने लावलंय, जरा तिरकं आहे, तसंच राहू दिलं. मुलाने दोन तुकडे खाल्ले. त्याच्या आजी अजून खात नाहीत, गच्चीवरून हात करतात. एका केकने देश बदलला असं मी म्हणत नाही. पण आमच्या चुलीवरचं काही खाणं ही साधी गोष्ट आहे, हे चार मुलांना तोंडाने कळलं, आणि हे काम विकतच्या केकने झालं नसतं. क्लिप पाठवणाऱ्या मामूंना आणि फोटोला हसणाऱ्या मैत्रिणींना हा मुद्दा कधी दिसलाच नाही.

‘किती राबशील’ हा प्रश्न मात्र खोटा नाही, फक्त तो चुकीच्या दारात विचारला जातो. केकचे तीन दिवस माझ्या मर्जीचे असतात. त्याच दिवशी चाळीस माणसांचा पुलाव, रायता, पाहुण्यांच्या चादरी, नंतरची भांडी, यांत कुणाची मर्जी विचारली जात नाही. त्यावर तोडगा म्हणून लोक केक बंद करायला सांगतात, म्हणजे बाईला जे आवडतं तेवढंच काढून घ्यायचं आणि बाकीचं तिच्या माथी ठेवायचं. घरातले पुरुष केक बाहेर आणतात तेव्हा दोन्ही हातांनी ताट धरतात, फोटोत हसतात, आणि पाहुणे त्यांनाच विचारतात, कुठून आणला?

यंदा धाकटीची पाळी आहे. तिला पावसाळा हवाय. पावसाळ्याचा केक कसा दिसतो, विचारलं तर म्हणाली, खाली चिखल, वर ढग आणि मधे बेडूक. बेडूक जानदार आहे, तेव्हा मामूंनी क्लिप आत्ताच शोधून ठेवावी. चिखल चॉकलेट बिस्किटांच्या भुग्याचा होईल, ढगांचं अजून ठरत नाही. पुलाव बावर्चीकडे सांगितलाय. क्रीम फेटायचं काम मोठ्याकडे, त्याचे हात आता पुरतात. त्याच्या अब्बांकडे फरशी आहे. आइसिंग शुगर सांडली की पाय चिकटतात आणि ती तीनदा पुसावी लागते, एकदा कोमट पाण्याने.