तेवीस ऐकून ३२ लिहिणारं मूल कच्चं नसतं!

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, दुसरीच्या वर्गात संख्यांचं श्रुतलेखन घेऊन पाहा. तुम्ही 'तेवीस' म्हणता आणि दोन-चार पाट्यांवर ३२ लिहिलेलं दिसतं. आपण लगेच म्हणतो, "याचं गणित कच्चं आहे." त्या मुलाने नेमकं काय केलं, हे मात्र बघत नाही.

मुलाने कानाला ऐकू आलं तसंच लिहिलेलं असतं. तेवीस म्हणजे आधी तीन, मग वीस. मराठीत एकक आधी बोलतो, पण लिहिताना दशक आधी लिहितो. त्यात एकोणतीस! ऐकू येतं 'तीस' आणि लिहायचं २९. कन्नड, तेलुगूत दशक आधी बोलतात. त्यामुळे सीमाभागात घरी या भाषा बोलणाऱ्या आणि शाळेत मराठी शिकणाऱ्या मुलाला तर हे आणखी उलटं वाटतं.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'तेवीस'बरोबर 'वीस तीन' असंही वाचन आलं आणि राज्यभर वाद झाला. माझं मत विचाराल तर दोन्ही वाचनं राहू द्यावीत. पण नुसतं नाव बदलून संख्या कळत नाही, ती हाताला लागावी लागते. त्यासाठी रोज दहा मिनिटं काड्यांचे गठ्ठे हवेत.

कृती साधी आहे. दोन-दोन मुलांच्या जोड्या करा. प्रत्येक जोडीला मूठभर काड्या आणि रबर द्या. दहा-दहाचे गठ्ठे मुलांनीच बांधायचे. मग बोलायचं : "दोन गठ्ठे, तीन सुट्या. वीस आणि तीन, तेवीस." लिहायचं सगळ्यात शेवटी. एका जोडीला तेवीस आणि शेजारच्या जोडीला बत्तीस मांडायला सांगा. कोणाकडे जास्त काड्या आहेत, हे न सांगता दिसतं. ३२ लिहिलेल्या मुलाला "चूक" म्हणण्याऐवजी "लिहिलंस तेवढे मांड बघू" म्हणा. तीन गठ्ठे मांडता मांडता बरीच मुलं स्वतःच थांबतात.

एकोणतीससाठी तीन गठ्ठे घ्या, एक गठ्ठा सोडा आणि त्यातली एक काडी काढा. एकोण म्हणजे एक उणे, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं.

काहीजण म्हणतील, "एवढा वेळ कुठे आहे? अभ्यासक्रम कधी संपवायचा?" प्रश्न खरा आहे. पण पुढे हातच्याची वजाबाकी येते. हातचा घेणं म्हणजे गठ्ठा सोडणंच की! ज्याने शंभर वेळा गठ्ठा बांधला-सोडला, त्याला हातचा वेगळा शिकवायला फार वेळ लागत नाही. आज दिलेली दहा मिनिटं तिथे परत मिळतात.

एक गोष्ट स्पष्टच बोलते. गठ्ठे बऱ्याच शाळांत आहेत, पण ते कपाटात असतात आणि भेट असली की बाहेर येतात. टेबलाजवळ एक हुशार मूल गठ्ठा बांधतं, बाकीची बघतात, फोटो निघतो, उपक्रम संपला! कृती बघणं म्हणजे कृती करणं नव्हे. ज्याला खरी गरज आहे, ते मूल तर मागेच बसलेलं असतं.

'निपुण भारत'च्या लक्ष्यांत पहिलीला ९९ पर्यंत आणि दुसरीला ९९९ पर्यंत संख्यांचं वाचन-लेखन अपेक्षित आहे. ९९ पर्यंतचा गोंधळ तसाच ठेवून आपण शतकावर गेलो, तर तिसरीत ते मूल गणिताच्या तासाला गप्प बसायला शिकतं. 'मला गणित येत नाही' हे वाक्य आठ वर्षांच्या तोंडी येऊ द्यायचं नसेल, तर साहित्य कपाटातून काढा आणि शेवटच्या रांगेपासून वाटायला सुरुवात करा.